नाताळ आणि मोज्यांचा एक जोड

काही वर्षांपूर्वी नाताळचा दिवस मी रुग्णालयात काढला. आई आजारी होती, तिच्या उशाशी बसून होते. शेजारच्या खाटेवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. मधुमेहाने चिघळलेला त्यांचा उजवा पाय तीन दिवसांपूर्वी गुडघ्याखालून काढला होता. दुपारी चारच्या सुमारास वॉर्डात गाण्याचा आवाज आला. लाल टोप्या घातलेली दहा-बारा तरुण मुलेमुली, एकाच्या गळ्यात गिटार. दोन नाताळगीते झाली, मग प्रत्येक खाटेवर एकेक भेटपिशवी. ती मुले मनापासून आली होती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. बाईंच्या खाटेपाशी आल्यावर एका मुलीने पिशवी पायथ्याशी ठेवली, नेमकी जिथे चादर सपाट झाली होती तिथे. मग फोटोसाठी सगळे खाटेमागे दाटीवाटीने उभे राहिले. बाईंनी चादर तोंडावर ओढून घेतली. मुले क्षणभर थबकली, फोटो झाला, आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

संध्याकाळी बाईंनी पिशवी उघडली. साबण, छोटा टॉवेल, कंगवा आणि लोकरी मोज्यांचा एक जोड. मोजे त्यांनी हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि काही न बोलता घडी घालून परत ठेवले.

त्या मुलांना दोष देणे सोपे आहे, म्हणूनच मी तो देणार नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे अशाच गटांतून गेले आहे, अशाच पिशव्या रात्री जागून भरल्या आहेत. या पिशव्या आठवडाभर आधी तयार होतात. सगळ्या सारख्या, म्हणजे कुणाला कमीजास्त मिळाल्यासारखे वाटायला नको. कोणत्या खाटेवर कोण आहे, त्याला काय झाले आहे, हे भरताना कुणालाच माहीत नसते. आणि वाटून परत जातानाही माहीत नसते. माझा सगळा आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला आहे.

नाताळात दुःखितांची आठवण ठेवावी, यावर कुणाचे दुमत नाही. मात्र डिसेंबर आला की दरवर्षी दोन सूर कानी पडतात. एक सूर विचारतो, जगात एवढी युद्धे, एवढी उपासमार चालू असताना रोषणाई कसली करता? दुसरा म्हणतो, वर्षातून एक दिवस तरी सुखाने साजरा करू द्या, दानपेटीत टाकले आहेत पैसे. वरवर पाहता हे दोन सूर एकमेकांच्या विरुद्ध आहेत. आत मात्र दोघांचा समज एकच: आनंद आणि करुणा ही तराजूची दोन पारडी आहेत, एक जड झाले की दुसरे हलके होणार. मला हा समजच मान्य नाही. ज्याच्या जन्माला जागा मिळाली नाही, त्याचा हा सण आहे. त्यामुळे जागा करून देणे हा या सणाचा मुख्य विधी आहे. दिवे, गाणी, जेवण हे सगळे त्यानंतर आणि त्यासाठी. पिशवी देऊन निघून जाता येते. जागा द्यायची तर आपल्याला सरकून बसावे लागते.

हे मी बाहेरून आणून नाताळवर लादत नाही. मूळ गोष्ट वाचून पाहावी. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बाळाला गव्हाणीत ठेवले जाते आणि कारण एका ओळीत सांगितले जाते: उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. जन्माची बातमी पहिल्यांदा पोहोचते ती रानात रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांकडे. त्याच अध्यायात पुढे एक तपशील आहे, जो नाताळच्या कुठल्याही देखाव्यात दिसत नाही. बाळाची आई मरिया हिच्या शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर हे जोडपे मंदिरात जाते, तेव्हा अर्पणासाठी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले, असा उल्लेख येतो. बाळंतिणीने कोकरू अर्पावे हा मूळ नियम. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी दोन पक्ष्यांची सवलत बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. म्हणजे येशूच्या आईवडिलांनी मंदिरात गरिबांसाठीच्या सवलतीचे अर्पण वाहिले. लूकने हे कुठलीही टिप्पणी न करता लिहिले आहे. त्या काळच्या वाचकाला दोन पक्षी म्हटल्यावर सगळे कळत असणार.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तर गोष्ट आणखी काळोखी होते. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, भेटी ठेवून परत जातात न जातात तोच योसेफ मायलेकरांना घेऊन रात्रीच मिसर देशाकडे, म्हणजे इजिप्तकडे, पळतो, आणि इकडे हेरोद राजा बेथलेहेम व आसपासचे दोन वर्षांचे आणि त्याहून लहान मुलगे मारून टाकतो. मत्तय तिथे यिर्मया संदेष्ट्याचे शब्द आणतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन करून घेत नाही. सांत्वन करून घेत नाही! ज्याला आपण जगातला सर्वांत गोड सण म्हणतो त्याच्या मूळ कथेत एक आई अशी आहे, जिला कुणाची भेटपिशवी नको आहे. मत्तयाने तिला गप्प केले नाही. तिला लगेच बरे वाटले असेही लिहिले नाही. तिला तिचे रडणे रडू दिले.

पाश्चात्त्य चर्चच्या दिनदर्शिकेनेही हे विसरू दिलेले नाही. २५ डिसेंबरला जन्म, २६ ला पहिला हुतात्मा स्तेफन, २८ ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालके. स्तेफन कोण होता? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या (जेरुसलेमच्या) ख्रिस्ती मंडळीत एक तक्रार उभी राहते: रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते आहे. ते वाटप नीट लावण्यासाठी सात जण निवडले गेले आणि त्यांत पहिले नाव स्तेफनाचे. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आपण ज्याचे स्मरण करतो, त्याची नेमणूक वाटपातला अन्याय दूर करण्यासाठी झाली होती, हे किती जणांच्या लक्षात राहते? मला स्वतःला ते फार उशिरा कळले. तोवर माझ्यासाठी २६ डिसेंबर हा थकवा काढण्याचा दिवस होता.

आता पहिल्या सुराकडे येते. दुःख आहे म्हणून सण गुंडाळून ठेवावा का?

२०२३ च्या नाताळात खुद्द बेथलेहेमने हे केले. गाझातल्या युद्धामुळे यरुशलेममधल्या चर्चप्रमुखांनी नोव्हेंबरातच आवाहन केले की यंदा गाजावाजा नको, रोषणाई नको. गव्हाणी चौकात दरवर्षीचे झाड उभे राहिले नाही. तिथल्या ल्युथरन चर्चमध्ये गव्हाणीऐवजी काँक्रीटच्या तुकड्यांचा ढीग रचला होता आणि त्यात काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या पॅलेस्टिनी रुमालात गुंडाळलेले बाळ ठेवले होते. जगभर ते छायाचित्र फिरले. प्रार्थना थांबल्या नाहीत. थांबला तो थाट. पुढच्या वर्षीही चौक तसाच शांत राहिला आणि २०२५ च्या डिसेंबरात तिथे पुन्हा झाड उजळले.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की दिवे विझवण्याचा निर्णय ज्यांच्या घरात शोक होता त्यांचा होता, आणि पुन्हा लावण्याचाही त्यांचाच. बेथलेहेमचे पोट यात्रेकरूंवर चालते. ऑलिव्हच्या लाकडातून मूर्ती कोरणारे, वाटाडे, हॉटेलांत काम करणारे, या सगळ्यांची कमाई त्या दोन वर्षांत आटली. त्यांच्या दृष्टीने चौकातले झाड म्हणजे चैन नव्हती, घरची चूल पुन्हा पेटण्याची खूण होती. हजारो मैलांवर बसून आपण आपल्या खिडकीतला तारा काढून ठेवला तर त्यातून कुणाची चूल पेटत नाही, कुणाचे अश्रू पुसले जात नाहीत. आपल्याला मात्र काहीतरी केल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे धोक्याचे आहे. शेजारच्या घरात मृत्यू झाला म्हणून आपण मोठ्याने गाणी लावत नाही, ते वेगळे. तिथे आवाज खाली करणे म्हणजे त्यांच्या दुःखाला जागा देणे. दूरच्या दुःखासाठी आपला आनंद नुसता आटोपता घेणे म्हणजे जागा देणे नव्हे, कारण तिथे येऊन बसणारे कुणीच नसते.

याबाबतीत मला असिसीच्या संत फ्रान्सिसपेक्षा चांगला गुरू सापडलेला नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी त्याने गवत, बैल आणि गाढव आणून जिवंत गव्हाणी उभी केली, हे बरेच जण जाणतात. त्याचा चरित्रकार सेलानोचा थॉमस याने लिहून ठेवलेल्या दुसऱ्या दोन आठवणी तेवढ्या परिचित नाहीत. एकदा नाताळ शुक्रवारी आला. शुक्रवार उपवासाचा, मांस वर्ज्य. त्याच्या संघातल्या एका बंधूने विचारले, आता कसे करायचे? फ्रान्सिस म्हणाला, बाळ जन्मले त्या दिवसाला शुक्रवार म्हणणे हेच पाप आहे. या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावे असे मला वाटते, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान बाहेरून तरी चोपडावे! त्याची इच्छा अशी होती की त्या दिवशी श्रीमंतांनी भुकेल्यांना पोटभर जेवू घालावे, बैल-गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा मिळावा, आणि सम्राटाने कायदाच करावा की लोकांनी रस्तोरस्ती धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः त्याच्या लाडक्या चंडोलांना, सणाच्या दिवशी भरपूर मिळेल. दुसरी आठवण लगेच पुढची. एकदा जेवताना कुणीतरी मरियेच्या आणि तिच्या बाळाच्या गरिबीचा विषय काढला. फ्रान्सिस हुंदके देत मेजावरून उठला आणि उरलेली भाकर त्याने उघड्या जमिनीवर बसून खाल्ली.

भिंतींना मांस चोपडा म्हणणारा आणि जेवता जेवता रडत जमिनीवर जाऊन बसणारा माणूस एकच आहे. त्याचा आनंद आणि त्याची करुणा यांत तराजू कुठेच नाही. आनंद इतका की त्यात पाखरेसुद्धा यायला हवीत. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांची आठवण झाली की घास घशात अडकतो. दोन्ही एकाच झऱ्याचे पाणी. तो जमिनीवर बसला यातही मला अर्थ दिसतो. मरियेच्या गरिबीवर त्याने व्याख्यान दिले नाही. उठला आणि तिच्या पातळीवर जाऊन बसला.

दुसरा सूर, म्हणजे दानपेटीचा, मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो माझा स्वतःचा आहे.

एका वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाईंनी मला एकदा सांगितले होते की २५ डिसेंबरला त्यांच्याकडे सकाळपासून चार-चार गट येतात. प्रत्येक गट गातो, नाचतो, सांताक्लॉज आणतो. सगळ्या आज्यांना दर वेळी खोल्यांतून उठवून सभागृहात आणावे लागते, चार वेळा तीच टाळी वाजवावी लागते, दुपारची झोप बुडते ती बुडतेच. संध्याकाळी काही जणींचा रक्तदाब चढलेला असतो. 'आणि फेब्रुवारीत,' त्या म्हणाल्या, 'कुणी दार वाजवलं तर आम्ही दचकतो.' हे सांगताना त्या रागावलेल्या नव्हत्या. कुणीतरी येते याचे त्यांना कौतुकच होते. मलाच त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या गटाचे 'वृद्धाश्रमभेट' हे डिसेंबरच्या यादीतले एक कलम होते. भेट झाली की त्यापुढे खूण.

इसवी सन ३८६ च्या सुमारास सिरियातल्या अंत्युखिया शहरात योहान क्रिसोस्तोम नावाचा धर्मगुरू २५ डिसेंबरचा हा सण, जो तिकडे तेव्हा नवाच होता, लोकांनी उत्साहाने साजरा करावा म्हणून प्रवचने देत होता. त्याच क्रिसोस्तोमने, मत्तयाच्या शुभवर्तमानावर बोलताना, आपल्या श्रोत्यांना सुनावले की ख्रिस्ताच्या मेजावर सोन्याचे पेले आणि तो स्वतः भुकेने मरतो आहे, याचा काय उपयोग? आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरेल त्यातून मेज सजवा. मंदिरात त्याला रेशमी वस्त्रांनी नटवता आणि बाहेर तोच थंडीने कुडकुडतो आहे, त्याच्याकडे बघत नाही. ज्या माणसाने नाताळ साजरा करायला शिकवले त्यानेच हे सांगितले, म्हणून त्याचे शब्द सणाच्या विरोधात वापरता येत नाहीत. तो क्रम सांगतो आहे. आपण मात्र नेमका उलटा क्रम लावतो: आधी मेज सजवतो आणि उरले त्यातून पिशव्या भरतो.

मग जागा देणे म्हणजे प्रत्यक्षात काय? रोममध्ये १९६८ साली सुरू झालेल्या सांत एजिदिओ या समुदायाने १९८२ च्या नाताळात एक साधी गोष्ट केली. त्रास्तेवेरे भागातल्या सांता मारिया या प्राचीन बॅसिलिकात, प्रार्थनेच्याच जागी, मेज मांडले आणि ओळखीच्या वीसेक गरजूंना जेवायला बोलावले. आज हे जेवण कितीतरी देशांत होते. त्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकांना आधी निमंत्रण जाते. समुदायाचे लोक वाढपी बनून उभे राहत नाहीत, पाहुण्यांच्या शेजारी बसून जेवतात. भेटवस्तू ज्याची त्याच्या नावाने. नावाने भेट द्यायची तर नाव माहीत हवे, आणि त्याच्या मापाचा सदरा आणायचा तर वर्षभरात कधीतरी त्याला नीट पाहिलेले हवे. म्हणजे ते नाताळचे जेवण खरे तर वर्षभराच्या ओळखीचे फळ आहे. आमच्या पिशव्यांमध्ये नेमके तेच नव्हते.

इथे कुणी म्हणेल, एवढा वेळ कुणाकडे आहे? शंभर लोकांना पिशव्या मिळतात ते वाईट का? अजिबात वाईट नाही. थंडीत पांघरूण मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि देणाऱ्याच्या मनात काय होते याने पांघरुणाची ऊब कमी होत नाही. पूर, भूकंप, युद्ध अशा वेळी तर सारख्या पिशव्याच लागतात, त्याही हजारांनी, आणि झटपट. माझी तक्रार एवढीच की आपण आणीबाणीची रीत सणाला लावली. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, अगोदर माहीत असलेल्या ठिकाणी जायचे असताना घाई कसली? शंभर पिशव्यांऐवजी दहा माणसे निवडता येतात. त्यांच्याकडे ऑक्टोबरात जाता येते. काय हवे ते विचारता येते. आणि कुणी सांगितले की काही नको, नुसते बसा, तर बसता येते. हे सगळ्यांत अवघड, हे कबूल करते. रिकाम्या हाताने कुणाच्या दुःखापाशी बसण्याची आपल्याला भीती वाटते. पिशवी हातात असली की ती भीती झाकली जाते.

दोन गोष्टी मात्र माझ्या मते अजिबात चालणार नाहीत. घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा, त्याला न विचारता काढलेला फोटो ही एक. आणि मदतीला लावलेली अट ही दुसरी. मग ती प्रार्थनेला यायची असो, मत देण्याची असो की कृतज्ञतेने चार शब्द बोलण्याची. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परक्या मानलेल्या समाजातल्या, माणसाने वाटेवर पडलेल्या जखमी प्रवाशाला त्याचा धर्म विचारला नाही आणि शुद्धीवर आल्यावर आपला सांगितलाही नाही.

आणखी एक कोपरा असा आहे जिकडे आपली करुणा सहसा वळत नाही, कारण तिथे पिशवी देता येत नाही. आपल्या स्वतःच्या पंगतीत बसलेली दुःखी माणसे. ज्यांच्या घरातले माणूस गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ आहे. ज्यांची नोकरी नोव्हेंबरात गेली आणि ज्यांनी अजून कुणाला सांगितलेले नाही. ज्या जोडप्याला मूल नाही आणि ज्यांना प्रत्येक जण गव्हाणीतल्या बाळाचे चित्र पाठवतो आहे. नाताळात आत्महत्या वाढतात असा एक समज पसरलेला आहे. निदान अमेरिकेतली आकडेवारी तरी तसे सांगत नाही, तिथे डिसेंबर हा सर्वांत कमी आत्महत्या होणाऱ्या महिन्यांत मोडतो. तेव्हा भीती घालायचे कारण नाही. पण एकटेपणा मोजण्याची काही यादी नसते, आणि सगळे हसत असताना हसू न येणे ही काय अवस्था असते हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. काही चर्चमध्ये आता २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी उपासना होते. गाणी थोडी, शांतता जास्त, गेलेल्यांच्या नावाने मेणबत्त्या. मला ही रीत फार मोलाची वाटते. राहेलला रडू देणाऱ्या मत्तयाशी ती प्रामाणिक आहे.

दुःखी माणसाला सणातले काय कळणार, असे मानण्याचा उद्धटपणाही आपल्यात असतो. डिट्रिख बोनहोफर हा जर्मन धर्मगुरू हिटलरविरोधी कामासाठी पकडला गेला आणि १९४३ चा नाताळ त्याने बर्लिनच्या टेगेल तुरुंगात काढला. १७ डिसेंबरला आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात तो त्यांना समजावतो की तुरुंगातल्या नाताळची काळजी करू नका. ख्रिस्ताला उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून तो तबेल्यात जन्मला, ही गोष्ट कैद्याला इतरांपेक्षा अधिक चांगली कळते, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. पुढे एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिले गेले. त्या पत्रात स्वतःची कीव नाही. आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे असे वाटणाऱ्या माणसाचे ते पत्र आहे. रुग्णालयात, तुरुंगात, छावणीत आपण नाताळ 'घेऊन' जातो असे म्हणतो, तेव्हा तो तिथे आपल्या आधीच पोहोचलेला असू शकतो, एवढे ध्यानात ठेवले तरी आपले वागणे बदलेल.

पैशाचाही प्रश्न आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरकाम करणाऱ्या बाईला नाताळची भेट देणारे आणि तिचा पगार मात्र महिन्याच्या दहा तारखेपर्यंत लांबवणारे लोक मी पाहिले आहेत. सणाच्या गर्दीत दुकानात चौदा-चौदा तास उभे राहणारे, आपल्या दारात खोकी पोहोचवणारे, यांचे श्रम स्वस्त आहेत म्हणून आपला डिसेंबर परवडतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे म्हटले आहे. आणि मरियेने गर्भारपणी गायिलेल्या स्तोत्रात भुकेले तृप्त होतात, तसे धनवान रिकाम्या हाती परत पाठवले जातात. पोटात बाळ असलेली तरुण मुलगी हे म्हणते आहे! नाताळच्या भेटकार्डांवर मरियेचे चित्र असते, तिचे हे शब्द मला तरी कधी दिसले नाहीत. वेळेवर दिलेला पूर्ण पगार, सणाची भरपगारी सुट्टी, कर्जफेडीला दिलेली मुदत: यांना कुणी करुणा म्हणत नाही, फोटोही निघत नाही. माझ्या लेखी मोज्यांच्या शंभर जोडांपेक्षा ते नाताळच्या जास्त जवळ आहे.

लूकच्या मूळ ग्रीक मजकुरात एक गंमत आहे, जी अनेक भाषांतरांत दिसत नाही. बेथलेहेममध्ये जिथे जागा नव्हती त्या ठिकाणासाठी त्याने जो शब्द वापरला, तोच पुढे येशू शेवटच्या भोजनासाठी मागतो त्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीसाठीही येतो. म्हणजे जन्माच्या वेळी भरलेली होती ती कदाचित एखाद्या नातलगाच्या घरातली पाहुण्यांची खोली. शोमरोनी माणूस जखमी प्रवाशाला नेतो त्या उतारशाळेसाठी मात्र लूक वेगळाच शब्द योजतो, आणि त्या शब्दाची घडण अशी की त्याचा अर्थ होतो 'सर्वांना घेणारी जागा'. एका घरात आपल्या माणसांनाही जागा नाही. दुसऱ्या ठिकाणी परका, अर्धमेला माणूससुद्धा आत घेतला जातो, कारण कुणीतरी दोन दीनार मोजले आणि शिवाय सांगितले, आणखी खर्च आला तर परत येईन तेव्हा देईन. परत येईन. दाखल्यातले ते दोन शब्द मला फार उशिरा दिसले. मदत करून तो कायमचा निघून गेला नाही. हिशेब उघडा ठेवला.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या मोजणीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे युद्ध आणि छळामुळे घरातून उखडली गेलेली होती. मिसरकडे पळालेले ते त्रिकूट आज त्यांच्यातच मोजले गेले असते. या १२ कोटींना मी जागा देऊ शकत नाही. कुणीही एकटा देऊ शकत नाही. ते काम देशांचे, कायद्यांचे आहे, आणि त्या कायद्यांबद्दल बोलताना, मत देताना आपण सीमेवरच्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो हे नाताळशी जोडलेले आहेच. गव्हाणीतल्या बाळापुढे गुडघे टेकून उठायचे आणि लगेच 'या लोकांना आत घेऊ नका' म्हणायचे, हे मला जमत नाही.

त्या दिवशी रात्री आठच्या पाळीला वॉर्डात ज्या मावशी आल्या त्या ख्रिस्ती होत्या. त्यांना नाताळची सुट्टी मिळालेली नव्हती. सकाळी मिस्सा करून, घरी पाहुण्यांचे आवरून त्या कामावर आल्या होत्या. लादी पुसून झाल्यावर बाईंच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. नाव विचारले. घरी कोण असते, पाय कधीपासून दुखत होता, हे विचारले. बाई आधी एकेक शब्द बोलत होत्या, मग सलग बोलू लागल्या. मी ऐकत नव्हते असे दाखवत होते, पण ऐकत होते. बोलता बोलता मावशींनी चादरीखाली हात घातला.

'ताई, पाय किती गार पडलाय तुमचा.'

पिशवीतून मोजे काढून त्यांनी एक मोजा बाईंच्या डाव्या पायात सावकाश चढवला, टाचेपाशी नीट बसवला. दुसरा हातात राहिला.

'हा कुठं ठेवू?'

बाईंनी त्या मोज्याकडे पाहिले. तीन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

'राहू दे उशाखाली,' त्या म्हणाल्या. 'एक धुवायला टाकला की दुसरा लागेलच की.'